वारा फक्त निमित्त असतो: लांब ट्रेलर का डोलतो

महामार्गावर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग आहे. गाडीमागे आठ-नऊ मीटर लांबीचा, साडेतीन हजार किलोचा राहण्याचा ट्रेलर आहे. शेजारून एक अवजड ट्रक पुढे निघून जातो आणि ट्रेलरचं शेपूट आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला जातं. बहुतेक वेळा दोन-तीन हेलकाव्यांत ते शांत होतं. क्वचित मात्र प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, ट्रेलर ओढणाऱ्या गाडीची मागची बाजूही सोबत खेचू लागतो आणि काही सेकंदांत दोन्ही वाहनं रस्त्यावर आडवी होतात. अशा अपघातानंतर दोष जवळजवळ नेहमी ट्रकच्या वाऱ्याला दिला जातो.

वाऱ्याचा जोर कमी नसतो, हे खरं. बाजूने ताशी साधारण ५५ किलोमीटरचा झोत आला, तर वीस चौरस मीटरच्या सपाट भिंतीवर पावणेतीनशे किलो वजनाइतका रेटा बसतो. पण तोच झोत एका ट्रेलरला नुसता हलवून जातो आणि दुसऱ्याला उलथवतो. हा फरक कुठून येतो, तेच समजून घ्यायला हवं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की तो फरक बहुतांशी ट्रेलर उभा असताना, त्यात सामान भरलं जात असतानाच पडलेला असतो.

हुकाच्या बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे बसवलेल्या जोडाच्या गोळ्यावर, टेकलेला ट्रेलर म्हणजे आडवा पडलेला लंबक आहे. बॉल हा त्याचा टेकू. साध्या लंबकाला गुरुत्वाकर्षण मध्यावर आणतं, ट्रेलरला त्याचे टायर आणतात. ट्रेलर थोडा तिरका झाला की चाकांचं तोंड एकीकडे असतं आणि चाकं प्रत्यक्ष जातात दुसरीकडे. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. कोन लहान असेपर्यंत टायरचा आडवा जोर त्या कोनाच्या प्रमाणात वाढतो आणि ट्रेलरला पुन्हा सरळ रेषेत ढकलतो. वेग ५० असो वा १००, ट्रेलर जितका तिरका तितका हा कोन. त्यामुळे हेलकाव्याचा काळ वेगाबरोबर फारसा बदलत नाही. लांब ट्रेलरला एका हेलकाव्यासाठी साधारण एक ते दोन सेकंद लागतात.

वेगाबरोबर बदलतं ते अवमंदन, म्हणजे हेलकावा विझवण्याची ताकद, आणि घात इथेच होतो. समजा डोलताना ट्रेलरची चाकं सेकंदाला एक मीटर या वेगाने आडवी सरकत आहेत. गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असेल, तर या आडव्या सरकण्यामुळे टायरला सुमारे ४ अंशांचा स्लिप अँगल मिळतो आणि त्या प्रमाणात विरोध उभा राहतो. ताशी १०० ला पुढे जाण्याचा वेग दुप्पट झालेला असतो, म्हणून त्याच आडव्या सरकण्याला जेमतेम २ अंश मिळतात. विरोध निम्मा झाला. म्हणजे लंबकाचा ताल तोच, पण त्याला थांबवणारा हात वेगाबरोबर सैल होत जातो.

एवढंच असतं, तरी हेलकावे फक्त उशिरा विझले असते, वाढले नसते. ट्रेलरचा बॉल एखाद्या सरळ रुळावर बसवला असता, तर कोणत्याही वेगाला तो शेवटी शांत झालाच असता. प्रत्यक्षात बॉल बसवलेला असतो गाडीच्या मागच्या आसाच्याही मीटर-दीड मीटर मागे. डोलणारा ट्रेलर बॉलला आडवा ढकलतो. मागच्या आसापासूनच्या त्या अंतराची तरफ होते आणि गाडीची मागची बाजू फिरते. गाडी फिरली की बॉल आणखी सरकतो आणि ट्रेलरला पुढचा हेलकावा देतो. हा प्रतिसाद थोडा उशिराने येतो, आणि त्या उशिरामुळेच तो हेलकाव्याला विरोध करण्याऐवजी साथ देऊ लागतो. एका ठरावीक वेगाला टायर जितकी ऊर्जा काढून घेतात, तितकीच गाडी-ट्रेलरची ही जोडी परत भरते. हा त्या जोडीचा क्रांतिक वेग. त्याच्या वर अवमंदन ऋण होतं. मग वाऱ्याचा झोत हवाच असं नाही, रस्त्यावरचा लहानसा उंचवटाही पुरतो. हेलकावे वाढवणारी ऊर्जा वारा पुरवत नाही. ती पुढे जाणाऱ्या वाहनाच्याच गतीतून येते.

म्हणूनच वर्षानुवर्षं याच गाडीने हाच ट्रेलर ओढला, कधी काही झालं नाही, या अनुभवावर फार विसंबता येत नाही. क्रांतिक वेग १०५ असेल, तर ९५ ला सगळं ठीक वाटतं. मागे थोडं सामान वाढलं की तोच आकडा खाली येतो आणि गाडीच्या आत बसून ते कळत नाही. ही स्थिरता मोजायची पद्धत मात्र आहे. आयएसओ ९८१५ या आंतरराष्ट्रीय मानकात गाडी-ट्रेलरची जोडी वाढत्या वेगांना चालवतात, स्टीअरिंगला एक छोटा झटका देतात आणि हेलकावे किती लवकर विझतात ते नोंदवून अवमंदन कोणत्या वेगाला शून्य होईल ते काढतात. रस्त्यावर असा झटका मुद्दाम देऊन पाहू नये. पण झोत आपोआप आलाच, तर ट्रेलर किती हेलकाव्यांनी शांत होतो याकडे लक्ष ठेवावं. एकाने शांत होणारा ट्रेलर आता चार घेत असेल, तर तो काही सांगतो आहे.

बॉलच्या जागेचा हा त्रास अभियंत्यांना फार पूर्वीच लक्षात आला होता. विमानउड्डाणातले आद्य अमेरिकी उद्योजक ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस एअरोकार नावाचा राहता ट्रेलर काढला, तेव्हा त्याचा जोड गाडीच्या मागच्या टोकाला न ठेवता पुढे, मागच्या आसाजवळ नेला. आजचे फिफ्थ व्हील ट्रेलर पिकअपच्या हौद्यात, आसाच्या जवळजवळ डोक्यावर टेकतात ते याच कारणाने. तिथे तरफच उरत नाही, म्हणून तेवढ्याच लांबीचा फिफ्थ व्हील खूपच शांत चालतो. साध्या ट्रेलरसाठी जिम हेन्सली यांनी सांध्यांच्या दांड्यांची अशी हिच (गाडी आणि ट्रेलर जोडणारी यंत्रणा) बनवली की बॉल मागे असूनही ट्रेलर फिरण्याचा आभासी बिंदू मागच्या आसाच्या दिशेने पुढे सरकतो. ती महाग आणि जड आहे, पण ती रोगाच्या मुळावर काम करते.

आता सामानाकडे. गाडी घेताना सगळे एकच आकडा विचारतात: ही किती किलो ओढते? इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी वजन, त्याची मांडणी आणि आसाची जागा बदलता येईल असा ट्रेलर तयार करून चाचण्या घेतल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत जास्त वेगाच्या स्थिरतेवर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या गोष्टी तीन निघाल्या: ट्रेलरचं जडत्व आघूर्ण (वळवण्याला आणि वळलेलं थांबवण्याला होणारा त्याचा विरोध), हुकावर येणारा भार आणि आसाची जागा. नुसत्या एकूण वजनाचा परिणाम त्या मानाने कमी होता.

जडत्व आघूर्ण अंतराच्या वर्गाने वाढतं, आणि तो वर्ग निष्ठुर आहे. सायकली व त्यांचा स्टँड मिळून ५० किलो धरू. ते ट्रेलरच्या आत, आसापासून एक मीटरवर ठेवले तर आसाभोवतीच्या आघूर्णात ५० एककांची भर पडते. मागच्या बंपरवर, आसापासून चार मीटरवर टांगले तर ८०० ची. वजन तेच, पण ट्रेलरला वळवणं आणि वळलेल्याला थांबवणं अवघड करण्यातला त्याचा वाटा सोळापट. म्हणून जड वस्तू आसाच्या आसपास आणि जमिनीलगत ठेवाव्यात, टोकांना हलकं सामान ठेवावं. अगदी पुढे कोंबणंही बरोबर नाही. त्याने हुकावरचा भार वाढतो, पण आघूर्णही वाढतं.

हुकावरच्या भाराला अमेरिकेत टंग वेट म्हणतात आणि तिथे तो भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा असं सांगितलं जातं. ३,५०० किलोच्या ट्रेलरचे ४१० किलो हुकावर असतील, तर ते १२ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे छान. आता वर सांगितलेल्या सायकली मागे टांगा. बॉल आसाच्या साडेपाच मीटर पुढे असेल तर तरफेच्या हिशेबाने हुकावरचे ३६ किलो उचलले गेले. पिण्याच्या पाण्याची १९० लिटरची टाकी आसाच्या अडीच मीटर मागे असेल आणि ती भरून घेतली, तर आणखी ८६ किलो गेले. उरले २८८, आणि ट्रेलर झाला ३,७४० किलोचा. टक्केवारी ८ च्याही खाली. दोन्ही गोष्टी अगदी निरुपद्रवी वाटणाऱ्या, आणि एक सुरक्षित ट्रेलर धोक्याच्या पट्ट्यात गेला. टाकी कुठे आहे हे प्रत्येक ट्रेलरमालकाला माहीत असायलाच हवं. ती पुढे असेल तर भरल्याने उलट हुकावरचा भार वाढतो.

युरोपात हुकावर साधारण ५ ते ७ टक्केच भार ठेवण्याचा सल्ला असतो आणि तो आकडा अमेरिकेतल्या ट्रेलरला लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. तिथले कॅरव्हान बहुधा लहान व हलके असतात आणि वेगही बांधलेला असतो. जर्मनीत ट्रेलर ओढताना मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि ठरावीक अटी पूर्ण केल्या तर ऑटोबानवर १००. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ताशी ६० मैल.

हे सगळं अंदाजाने ठरत नाही, वजनकाट्यावर ठरतं. ट्रकसाठी असलेल्या काट्यावर प्रवासासाठी पूर्ण भरलेला ट्रेलर जोडून न्यावा, हिचला भार वाटून देणारे ताणलेले दांडे, म्हणजे स्प्रिंग बार, असतील तर ते सोडवावेत आणि गाडीच्या आसांवरचं वजन लिहून घ्यावं. मग ट्रेलर सोडून, तेवढेच प्रवासी आणि तेवढंच इंधन ठेवून गाडीचं एकटीचं वजन करावं. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावरचा भार. तो हिचच्या मर्यादेत आहे का, आणि प्रवासी व सामान धरून गाडीच्या दारावरच्या पट्टीत दिलेल्या वाहून नेण्याच्या क्षमतेच्या आकड्यात बसतो का, तेही पाहावं. पुष्कळ गाड्यांची ओढण्याची क्षमता शिल्लक असते, पण वाहून नेण्याची संपलेली असते.

हुकावर पुरेसा भार दिला की दुसरी अडचण येते. ४१० किलो मागच्या आसाच्या दीड मीटर मागे बसले आणि दोन आसांमधलं अंतर साडेतीन मीटर असेल, तर पुढच्या आसावरचे सुमारे १७५ किलो कमी होतात आणि मागच्या आसावर जवळपास ५८५ वाढतात. स्टीअरिंग हलकं पडतं. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे स्प्रिंग बार यातला काही भार परत पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या आसांवर ढकलतात. बार किती ताणायचे ते गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठरवावं. जास्त ताणले तर मागची चाकं हलकी होतात आणि नेमकी तीच ट्रेलरला धरून ठेवत असतात.

डोलणं रोखणारे घर्षणाचे दांडे आणि पट्ट्या उपयोगी आहेत, लहान हेलकावे ते नक्की खातात. पण चुकीच्या भरणीवर ते उपाय म्हणून विकले जातात, तेव्हा मला त्यांची भीती वाटते. ते लहान हेलकावे लपवतात, आणि लहान हेलकावे हीच तर पूर्वसूचना होती. नव्या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक प्रणाली डोलण्याचा ताल ओळखते, डाव्या-उजव्या चाकांना आळीपाळीने ब्रेक लावून त्याला तोडते आणि वेग उतरवते. तिने अनेक प्रसंग निभावतात. तरी तिचं काम सुरू होतं ते डोलणं सुरू झाल्यावर.

टायरच्या दाबाबद्दल थोडक्यात: मऊ टायरची भिंत वाकते आणि आडवा जोर उशिरा देते, म्हणून गाडी आणि ट्रेलर दोन्हींचा दाब थंड टायरवर, सांगितल्याइतका. ट्रेलरचे बरेच टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच्याच वेगासाठी असतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ मैलांच्या वर जायला कायद्याने बंदी आहे आणि मला ती मर्यादा सर्वत्र पाळण्यासारखी वाटते.

डोलणं सुरू झालंच, तर हाताला सुचतं ते सगळं चुकीचं ठरतं. पहिली ऊर्मी स्टीअरिंग उलट फिरवण्याची. पण डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंत अर्धा सेकंद सहज जातो, आणि हेलकावा दीड सेकंदाचा असेल तर आपली दुरुस्ती पोहोचते तेव्हा ट्रेलर परत फिरलेला असतो. झोक्याला बरोबर वेळी ढकललं की तो उंच जातो, तसंच आपण नकळत करतो. स्टीअरिंग सरळ धरून ठेवायचं. दुसरी ऊर्मी जोरात ब्रेक. त्याने गाडी थांबू लागते, ट्रेलर मागून रेटतो आणि बॉलवर दाब येऊन गाडी आणि ट्रेलरची जोडापाशी घडी पडण्याची शक्यता वाढते. उतारावर डोलणं जास्त होतं तेही यामुळेच. वेग वाढवून ट्रेलर ताणून सरळ करायचा जुना सल्लाही अजून ऐकू येतो. क्षणभर ताण मिळतो, पण आपण क्रांतिक वेगाच्या आणखी वर जातो.

करायचं ते एवढंच: पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरवर यासाठी वेगळी कळ किंवा सरकपट्टी असते. ट्रेलर मागे ओढू लागला की जोड ताणला जातो आणि वेगही उतरतो, दोन्ही गोष्टी आपल्या बाजूच्या. ती कळ न पाहता सापडली पाहिजे, म्हणून निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत कमी वेगाला ती दाबून पाहावी. ट्रेलर एकटा गाडीला थांबवतो आहे असं जाणवलं पाहिजे. जाणवलं नाही, तर ब्रेकची जोडणी किंवा कंट्रोलरची मात्रा आधी दुरुस्त करून घ्यावी, मगच महामार्गावर चढावं.