जुन्या पिकअपचा इंडिकेटर: फ्लॅशर बदलण्याआधी एवढं तपासा

इंडिकेटर बंद पडला की बहुतेकजण दुकानात येऊन थेट नवा फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, मागतात. जुन्या बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ सारख्या गाडीत फ्लॅशर जातो, नाही असं नाही. पण त्याहून जास्त वेळा दोष मागच्या दिव्याच्या अर्थमध्ये (करंट चेसिसमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या जोडणीत), होल्डरमध्ये नाहीतर बल्बमध्ये निघतो.

लक्षण काय सांगतं

चावी ऑन करा. डावा, उजवा आणि हॅझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) असं पाळीपाळीने लावून गाडीभोवती फिरा. नंतर टेल लॅम्प चालू ठेवून आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून तेच पुन्हा बघा.

एकच बाजू भराभर लुकलुकते म्हणजे त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा त्याला करंट पोचत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लोड कमी झाला की मुद्दाम वेग वाढवतो, ड्रायव्हरला कळावं म्हणून. जुन्या पत्र्याच्या गोल डबीतला गरम होऊन चालणारा फ्लॅशर उलटं वागतो: एक बल्ब गेला की हळू चालतो किंवा नुसता पेटून राहतो. बरोबर वेग मिनिटाला ६० ते १२० वेळा.

हॅझार्ड चालतो, पण डावा-उजवा दोन्ही बंद? मग फ्लॅशर ठीक आहे. बऱ्याच गाड्यांत दोन्हींचे फ्यूज वेगळे असतात आणि इंडिकेटरचा सप्लाय हॅझार्ड स्विचमधूनच पुढे जातो. आधी फ्यूज बघा. तो शाबूत असेल तर हॅझार्डचं बटण पंधरा-वीस वेळा दाबा-सोडा. इंडिकेटर जिवंत झाला तर स्विचचे आतले पॉइंट काळे पडलेत. थोडे दिवस चालेल, मग स्विच बदलावाच लागेल.

हॅझार्डमध्ये चारही दिवे लागतात, पण दांडी ओढल्यावर एक बाजू बंद राहते, तर दोष स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये (दांडी ज्याला जोडलेली असते तो) किंवा त्याच्या कपलरमध्ये, म्हणजे वायर जोडायच्या प्लगमध्ये.

काहीच लागत नसेल तर फ्लॅशर काढा आणि त्याच्या सॉकेटमधले बी (बॅटरीकडून येणारा) आणि एल (दिव्यांकडे जाणारा) हे दोन पॉइंट वायरच्या तुकड्याने जोडा. दांडी एका बाजूला ठेवल्यावर त्या बाजूचे दिवे स्थिर पेटले तर फ्लॅशर खराब. तीन पिनचा असेल तर आधी त्याची अर्थची पिन तपासा. अर्थ तुटला तरी तो मेल्यासारखाच वागतो.

मागचा अर्थ: खरा त्रास इथे

डावा इंडिकेटर दिल्यावर टेल लॅम्पही मंद लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर थांबतो, तर बल्ब बदलू नका. दिव्याचा अर्थ सुटलाय. परतीचा रस्ता न मिळाल्याने करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो.

मागचे दिवे हौद्याच्या ब्रॅकेटवर असतात. ब्रॅकेटवर रंगाचे थर, खाली चिखल, कोकणात मासळीच्या क्रेटमधून गळणारं खारं पाणी. बल्ब काढून होल्डरमध्ये बघा: हिरवट कीट आणि तळाच्या पितळी पत्तीला पडलेला खड्डा स्पष्ट दिसतो. बल्ब आत बसतो, पण पत्ती त्याला टेकत नाही.

मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन होल्डरच्या धातूला, इंडिकेटर चालू. दिवा पेटतो त्या क्षणी रीडिंग ०.२ व्होल्टच्या आत हवं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थ कमजोर आहे.

दुरुस्ती सोपी आहे. होल्डरपासून चेसिसपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर टाका. टोकाला रिंग थिंबल (बोल्ट जाईल असं गोल भोक असलेलं धातूचं टोक) पक्कडीने दाबून बसवा. बोल्टखालचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडा, स्टार वॉशर घाला, घट्ट करा आणि मगच वरून ग्रीस लावा. नुसती पीळ घालून टेप गुंडाळलेला जोड एक पावसाळा काढत नाही. पत्तीला पडलेला खड्डा हलकेच वर उचलता येतो, पण होल्डर गंजून पातळ झाला असेल तर नवाच घ्या.

बल्ब घेताना

बुडावर १२ व्होल्ट, २१ वॅट असंच लिहिलेलं हवं. बाजूचा छोटा दिवा बहुधा ५ वॅटचा असतो. मोठ्या ट्रकचं सामान विकणाऱ्या दुकानातून चुकून २४ व्होल्टचा बल्ब येतो. तो मंद पेटतो, करंट कमी ओढतो आणि इंडिकेटर भराभर चालतो, मग सगळी गाडी उगाच उघडली जाते. पिवळी काच असेल तर पांढरा बल्ब, पांढरी काच असेल तर पिवळा बल्ब. पिवळ्याच्या पिना समोरासमोर नसतात, त्यामुळे जबरदस्ती करू नका.

एका बाजूला दोन मोठे आणि एक छोटा मिळून ४७ वॅट, म्हणजे सुमारे ४ अँपिअर. हॅझार्डला ८ च्या आसपास. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलाय तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला. फ्यूजऐवजी तांब्याची तार लावलेल्या गाडीचं काम आम्ही तिथूनच सुरू करतो.

एलईडी बसवायचे असतील तर सोबत एलईडीला चालणारा फ्लॅशरही घ्या. बाजारात ६ ओहमचे ५० वॅटचे रेझिस्टर मिळतात, पण ते चटका बसेल इतके तापतात आणि करंटची बचतही वाया जाते. लावायचेच तर पत्र्यावर, प्लॅस्टिकवर कधीही नाही.

गाडी आणताना

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं आणि तिथे इंडिकेटर तपासले जातात, तेव्हा तारखेच्या आदल्या संध्याकाळी येऊ नका. कोणती बाजू, हॅझार्ड चालतो का, पावसात किंवा गाडी धुतल्यावर बिघडतं का, एवढं सांगितलंत तर शोधण्यातला वेळ वाचतो. बल्ब, होल्डर, अर्थ ही कामं उभ्या उभ्या होतात. कॉम्बिनेशन स्विचसाठी स्टिअरिंग व्हील उतरवावं लागलं तर गाडी सकाळीच आमच्याकडे ठेवून जावी लागेल.