अर्ध्या यंत्राचे नाव : घरगुती इन्व्हर्टरची पार्श्वभूमी

घरात ‘इन्व्हर्टर’ म्हणून जी पेटी बसवतात, तिच्यात खरे तर तीन यंत्रे असतात. बॅटरीतल्या डीसीचा (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) एसी (घरातल्या तारांतली, दिशा बदलत राहणारी वीज) करणारे एक, बॅटरी भरणारा चार्जर दुसरे, आणि वीज गेली-आली की जोडणी बदलणारा रिले तिसरे. नाव मात्र पहिल्याचेच. वीज असते तेवढा सगळा वेळ ही पेटी चार्जर असते. तरीही विकत घेताना चौकशी होते ती किती व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे किती भार पेलेल त्याचे माप) आहे आणि किती पंखे चालतील याची; चार्जर कसा आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

बॅटरीचा जन्म यात सर्वांत जुना. पुन्हा भरता येणारी शिसे-आम्ल बॅटरी 1859 मध्ये तयार झाली, आणि 1881 च्या सुमारास प्लेटवर लेप देण्याची पद्धत आल्यावर ती कारखान्यात बनवण्याजोगी झाली. रसायन आजही तेच आहे.

गुंता शब्दाचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एसीचा डीसी करायला रोटरी कन्व्हर्टर नावाची फिरती यंत्रे वापरत. डीसीवर चालणाऱ्या ट्रामना वीज पुरवायची, तर हे काम रोजचे. म्हणून ते ‘सुलट’. तेच यंत्र डीसीकडून एसीकडे चालवले, की इंग्रजीत त्याला उलटा रोटरी म्हणत. पुढे फिरत्या भागांशिवाय, नुसत्या इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) सर्किटने हे उलटे काम करता येऊ लागले आणि 1925 मध्ये ‘इन्व्हर्टर’ हा शब्द छापून आला. म्हणजे मूळ हिशेबाने बॅटरी भरणे हे सुलट काम आणि पंखा चालवणे हे उलट. घरातल्या पेटीला नाव मिळाले ते उलट्या कामाचे.

एवढ्यावर थांबले असते तर बरे होते. पण ‘इन्व्हर्टर एसी’ आला. त्यातला इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या मोटरचा वेग कमीजास्त करतो, बॅटरीशी त्याचा काडीचा संबंध नाही. शिवाय इथला एसी म्हणजे वातानुकूलन यंत्र आणि तिथला एसी म्हणजे प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह! ‘इन्व्हर्टर फ्रिज’ घेतल्यावर तो वीज गेली तरी चालेल, असे समजणारे भेटतात; चूक त्यांची म्हणता येणार नाही. त्याहून महागात पडणारा गैरसमज सौर इन्व्हर्टरचा. ग्रिडला (वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला) जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज गेली की मुद्दाम बंद पडतो, कारण तारेवर काम करणाऱ्या माणसापर्यंत छपरावरची वीज पोहोचू नये. भर दुपारी, उन्हात पॅनेल तळपत असताना घर मात्र बंद. एकाच शब्दाखाली तीन-चार वेगळी यंत्रे विकली गेली की असे होणारच.

पेटीच्या आतल्या गोष्टी वेगाने बदलल्या त्या अलीकडच्या. 1957 मध्ये थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच आला, 1970 च्या दशकाच्या अखेरीस मोठा प्रवाह पेलणारे मॉसफेट (झटपट चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर) बाजारात येऊ लागले आणि घरात मावेल असा इन्व्हर्टर सोपा झाला. सुरुवातीला मेन्सच्या गोलसर लहरीऐवजी (साइन वेव्ह) चौकोनी लहर देणारेच जास्त. दिवे त्यावर तक्रार करत नाहीत, पंखा मात्र घुरघुरतो आणि मोटर जास्त तापते. साइन वेव्हवर तेव्हापासून पुष्कळ शाई खर्च झाली आहे, त्यामुळे इथे एवढेच पुरे.

मॉसफेटमुळे आणखी एक गोष्ट झाली, तिच्याबद्दल कमी बोलले जाते. मॉसफेटच्या अंगातच एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असतो. त्यामुळे मेन्सची वीज आली की तोच ट्रान्सफॉर्मर उलटा वापरायचा, त्याच मॉसफेटांनी डीसी करायचा आणि बॅटरीत सोडायचा. वेगळ्या चार्जरचा खर्च वाचला. पण फुकटात मिळालेल्या वस्तूची जी गत होते तीच चार्जरची झाली: अनेक साध्या पेट्यांत तो ठरावीक व्होल्टेजला बंद-चालू होणारा, एवढ्यापुरताच राहिला.

शिसे-आम्ल बॅटरीला हे मानवत नाही. 12 व्होल्टच्या बॅटरीला आधी ठरावीक प्रवाह, साधारण अँपिअर-तासांत (Ah) दिलेल्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, मग 14.4 च्या आसपास व्होल्टेज धरून उरलेले भरणे, आणि शेवटी 13.5 च्या जवळ नुसते राखणे, अशा तीन पायऱ्या लागतात. कमी भरली तर प्लेटवर सल्फेटचे खडे बसतात, जास्त भरली तर पाणी उडते आणि प्लेट झिजते. त्यात उन्हाळा-हिवाळ्याप्रमाणे हे आकडे बदलायला हवेत: तापमान 10 अंशांनी वाढले की 12 व्होल्टच्या बॅटरीचे चार्जिंग व्होल्टेज सुमारे 0.2 ते 0.3 ने उतरवावे लागते. त्यासाठी बॅटरीला चिकटवायचा सेन्सर फारसा महाग नाही, तरी स्वस्त पेट्यांत तो क्वचितच दिसतो. बॅटरी दोन वर्षांत ‘बसली’ की शिव्या बॅटरीला पडतात, त्यातल्या निम्म्या तरी चार्जरच्या वाट्याच्या असाव्यात.

पुढे मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचे छोटे संगणक) आले आणि पायऱ्यांचे चार्जिंग सामान्य पेटीतही शिरले. तोवर बॅटरीच बदलू लागली. लिथियम आयर्न फॉस्फेट या नव्या प्रकारच्या बॅटरीचे चार सेल जोडले की 12.8 व्होल्ट होतात, म्हणून जुन्या जागी नवी बॅटरी सरळ बसवण्याचा मोह होतो. पण हिचे व्होल्टेज रिकामी होईपर्यंत जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे व्होल्टेज पाहून ‘किती उरली’ सांगणारा जुना दर्शक हमखास फसतो. शिसे-आम्लासाठी ठेवलेला 15 व्होल्टच्या वरचा ‘इक्वलायझेशन’ (सगळे सेल सारखे भरण्यासाठी मुद्दाम जास्त भरण्याचा) टप्पा हिला चालत नाही. शून्य अंशाखाली तर ती भरूच नये. आणि पूर्ण उतरली की तिच्यातले बीएमएस (बॅटरीची राखण करणारे सर्किट) टर्मिनलशी असलेली जोडणी तोडून टाकते. वीज परत येते, जुना चार्जर आधी टर्मिनलवर व्होल्टेज शोधतो, ते शून्य दिसते, आणि तो बॅटरी नाही असे समजून चार्जिंग सुरूच करत नाही. बीएमएस चार्जरची वाट पाहत बसते, चार्जर बॅटरीची.