लाजऱ्या मुलाला आधार देणं वेगळं, त्याच्या वतीनं बोलणं वेगळं

पाहुणे पहिलीतल्या मुलाला विचारतात, "काय रे, नाव काय तुझं?" मुलगा आईच्या मागे सरकतो. दोन-तीन सेकंद शांतता. मग आईच सांगून टाकते, "अर्णव. लाजतो हो जरा."

आधार देणारी आईही अशीच प्रेमळ, न रागावणारी. म्हणूनच दोघींत गल्लत होते. फरक आहे तो त्या दोन-तीन सेकंदांत. आधार देणारी थांबते. पाठीवर हात ठेवते, फार तर प्रश्न सोपा करते: "काकांना नवी सायकल दाखवतोस?" पण पुढचं मुलावर सोडते. वतीनं बोलणाऱ्या आईमुळे मुलाची भीती लगेच ओसरते, आणि घोळ नेमका तिथेच होतो. लपलं की सुटका होते, हे मूल शिकतं. मग 'वहीचं बाईंना विचार' म्हटलं तरी "तूच मेसेज कर ना!"

अर्थात सगळं खापर आईबापांवर फोडू नये. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांना चार महिन्यांच्या बाळांतही फरक दिसला. नवे आवाज, नवे वास, हलती खेळणी समोर आली की साधारण पाचातलं एक बाळ जोरजोरात हातपाय झाडायचं, रडायचं. पुढे बुजरी होण्याची शक्यता अशा बाळांत जास्त, पण सगळी काही तशी झाली नाहीत.

मेरीलँड विद्यापीठातल्या केनेथ रुबिन आणि सहकाऱ्यांचा 2002 चा अभ्यास इथे महत्त्वाचा. दोन वर्षांची बुजरी मुलं चार वर्षांची झाल्यावरही अनोळखी मुलांत गप्प राहतात का, हे त्यांनी पाहिलं. ज्यांच्या आया सतत मध्ये पडत किंवा टोचून बोलत, त्यांच्यात हा बुजरेपणा टिकलेला दिसला; इतरांत दोन वर्षांचा बुजरेपणा आणि चार वर्षांचं गप्प राहणं यांचा संबंध ठळक नव्हता. म्हणजे "मुलीसारखा काय लाजतोस!" हा आपल्याकडचा लाडका टोमणाही त्याच पंगतीत बसतो. (त्यात मुलींचाही अपमान आहे, ते वेगळंच.)

मात्र घरी अखंड बडबडणारं मूल शाळेत अजिबात बोलत नसेल आणि शाळेचा पहिला महिना सोडून पुढेही महिनाभर तसंच चाललं असेल, तर 'लाजाळू आहे' म्हणून सोडून देऊ नका. बालमानसतज्ज्ञांना दाखवा.