दहशतवादपीडितांची भरपाई: मर्यादा आल्या कुठून?

१२ मार्च १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांत मुंबईत २५७ जणांचा बळी गेला. मृतांच्या वारसांना राज्य सरकारने प्रत्येकी २ लाख रुपये दिले, परंतु तो निर्णय त्या प्रसंगापुरता होता. दहशतवादाने बाधित झालेल्यांना किती आणि कोणत्या निकषावर द्यायचे, याचा कायमचा नियम देशात तेव्हा नव्हता, आणि पुढेही बरीच वर्षे प्रत्येक स्फोटानंतर मंत्र्यांच्या घोषणेकडेच डोळे लावून बसावे लागत असे.

याला अपवाद रेल्वेचा. १९८९ च्या रेल्वे कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने गाडीत किंवा स्थानकाच्या आवारात घडलेले दहशतवादी कृत्य ‘अनुचित घटना’ ठरले आणि रेल्वेचा दोष सिद्ध न करताही रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागण्याचा हक्क मिळाला. मृत्यूबद्दलची ही रक्कम आधी ४ लाख होती, ती १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख झाली. मात्र हा हक्क वैध तिकीट किंवा फलाट तिकीट असणाऱ्याचा आणि कामावरील रेल्वे कर्मचाऱ्याचा. त्यामुळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळी लागलेल्या प्रवाशाच्या वारसांना कायद्याचा आधार होता. त्याच टोळीने लिओपोल्ड कॅफेत मारलेल्यांच्या वारसांना तो नव्हता.

केंद्राची स्वतंत्र योजना १ एप्रिल २००८ पासून लागू झाली. मृत्यू किंवा ५० टक्के वा त्याहून अधिक कायमचे अपंगत्व यासाठी ३ लाख रुपये ठरले, तेही तीन वर्षांच्या मुदत ठेवीत, म्हणजे वारसाच्या हाती तोवर फक्त व्याज. कुटुंबात कोणाला त्या घटनेपायी सरकारी नोकरी दिली गेली, तर ही मदत नाही. योजना पूर्वलक्षी नसल्याने मालेगावचा सप्टेंबर २००६ चा स्फोट तिच्याबाहेर राहिला आणि सप्टेंबर २००८ चा आत आला. गाव तेच, जखमाही तशाच, पण तारीख आडवी आली. ऑगस्ट २०१६ मध्ये रक्कम ५ लाख झाली.

मोटार अपघातात मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबितांची संख्या पाहून भरपाईचा हिशेब होतो. बॉम्बने मेलेल्याला मात्र सरसकट एकच आकडा. याचे मूळ असे की, सरकार ही रक्कम स्वतःची चूक मान्य करून नव्हे, तर सहानुभूतीपोटी देते. न्यायालयांनी ही भूमिका नेहमीच मान्य केली असे नाही. १९८४ च्या दिल्ली दंगलीतील मृतांच्या वारसांना मिळालेले २० हजार रुपये अपुरे ठरवताना दिल्ली उच्च न्यायालयाने १९९६ साली जीविताचे रक्षण हे राज्यघटनेच्या कलम २१ नुसार राज्याचे कर्तव्य असल्याचे सांगितले आणि एकूण रक्कम साडेतीन लाखांवर नेली. तो निकाल दंगलीचा असला, तरी त्यातील तर्क दहशतवादालाही लागू पडतो.

फौजदारी प्रक्रिया संहितेत ३१ डिसेंबर २००९ पासून आलेल्या कलम ३५७अ ने प्रत्येक राज्याला पीडित भरपाई योजना करणे बंधनकारक केले. आज तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. तिच्यामुळे गुन्हेगार सापडला नसला तरी अर्ज करता येतो. रक्कम जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरण ठरवते, पण राज्याने आखलेल्या योजनेच्या चौकटीतच.