‘होगा’ने युद्धनौका कशी हलवली?

7 डिसेंबर 1941. पर्ल हार्बरवर जपानी विमानं तुटून पडली, तेव्हा अमेरिकी नौदलाची ‘होगा’ ही टगबोट बंदरातच होती. लांबी अवघी 100 फूट. मोठ्या जहाजांना धक्क्याला लावायचं आणि धक्क्यावरून सोडवायचं, हे तिचं रोजचं काम. त्या सकाळी टॉर्पेडो आणि बॉम्ब खाल्लेली, सुमारे 580 फुटी ‘नेव्हाडा’ ही युद्धनौका बंदराच्या तोंडाशी बुडाली असती तर अरुंद जलमार्गच बंद झाला असता. म्हणून ती काठाच्या गाळात रुतवण्यात आली. तिथेही धोका संपला नव्हता. ‘होगा’ तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, भिडली, आगीवर पाण्याचे फवारे मारत राहिली आणि तिने ‘नेव्हाडा’ला ओढून पलीकडच्या सुरक्षित काठाला लावलं.

एवढंसं जहाज हे करतं कसं? तरंगत्या वस्तूला पाणी जमिनीसारखं धरून ठेवत नाही. त्यामुळे थोडासा जोरही तिला हलवू शकतो, फक्त तो टिकून लागला पाहिजे. समजा, टगची ओढ 10 टनांची आणि जहाज 30 हजार टनांचं. पाण्याचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला, तर मिनिटभरात त्या जहाजाला सेकंदाला 20 सेंटिमीटर इतका वेग येतो.

हा जोर अगदी शून्य वेगावर मिळायला हवा, आणि इथे ‘होगा’ची डिझेल-इलेक्ट्रिक रचना कामी येते. डिझेल इंजिनं जनित्रं फिरवतात आणि त्या विजेवरची मोटर बोटीला ढकलणारा, पाण्यातला पंखा फिरवते. साध्या डिझेल इंजिनाला जोरासाठी आधी फेऱ्यांचा वेग घ्यावा लागतो. विजेची मोटर मात्र थांबलेल्या अवस्थेतूनच भरपूर पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते आणि चटकन उलटी फिरते. मला तरी या बोटीतली खरी देखणी गोष्ट हीच वाटते.

‘ॲरिझोना’ या युद्धनौकेवरच्या आणि आसपासच्या आगी विझवण्यात पुढचे दोन दिवस गेले. या कामगिरीबद्दल अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांनी तिच्या कर्मचाऱ्यांचा गौरव केला. 1948 मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहराकडे अग्निशामक बोट म्हणून गेली. त्याच वर्षी ‘नेव्हाडा’ला अमेरिकी नौदलानेच नेमबाजीचं लक्ष्य करून बुडवलं. 1989 मध्ये ‘होगा’ राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक ठरली. 2015 पासून ती अर्कान्सा राज्यात, नॉर्थ लिटल रॉकच्या नदीकाठच्या संग्रहालयात आहे. तिथली दुसरी मोठी बोट म्हणजे ‘रेझरबॅक’ पाणबुडी. 2 सप्टेंबर 1945 रोजी जपानने शरणागतीवर सह्या केल्या, तेव्हा ती टोकियोच्या उपसागरात हजर होती.