थार घ्यायची तर डिझेल की पेट्रोल? आधी काजळीचं ऐका

"ऑफ-रोडला जायचं असेल तर डोळे झाकून डिझेल घे, टॉर्क असतो." महिंद्राची थार, म्हणजे रस्ता सोडून चिखल-दगडांतही जाणारी जीप, घ्यायला निघालेल्या माणसाला टॉर्कचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराचा, हा सल्ला हमखास मिळतो आणि देणारा बहुतेक वेळा खरोखरच अनुभवी असतो. त्याच्या काळात तो बरोबरही होता. पण २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेल्या थारचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघा. २.२ लिटरचं डिझेल इंजिन १३० अश्वशक्ती आणि ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. २ लिटरचं पेट्रोल इंजिन १५० अश्वशक्ती देतं आणि त्याचा टॉर्क मॅन्युअल गिअरला तेवढाच, म्हणजे ३००, तर ऑटोमॅटिकला ३२० न्यूटन-मीटर आहे. मॅन्युअल पेट्रोल गाडीला हा टॉर्क मिनिटाला १२५० फेऱ्यांपासून मिळायला लागतो, डिझेलला १६०० पासून. म्हणजे ज्या एका गुणासाठी डिझेल घ्यायचं, तो गुण कागदावर तरी पेट्रोलकडेही आहे.

हे घडलं टर्बोचार्जर आणि डायरेक्ट इंजेक्शनमुळे. जुनं पेट्रोल इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेईल तेवढ्यावरच चालायचं, त्यामुळे त्याला जोर यायला फेऱ्या चढवाव्या लागत. टर्बो हवा दाबून आत कोंबतो, थेट सिलिंडरमध्ये फवारलेलं पेट्रोल त्या हवेला थंड करतं आणि कमी फेऱ्यांतही भरपूर इंधन नीट जळतं. तसं पाहिलं तर ऑफ-रोडचा वारसा मुळात पेट्रोलचाच आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलिज जीप, जिची जोडणी करत महिंद्रा या धंद्यात आली, ती २.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनावर चालायची आणि तिची ताकद होती जेमतेम ६० अश्वशक्ती. आपल्याकडे जीप आणि डिझेल यांचं लग्न लागलं ते मुख्यतः पंपावरच्या दरफरकामुळे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि तो फरक आटत गेला. सल्ला मात्र तसाच राहिला.

६० अश्वशक्तीत जीप सगळीकडे कशी जायची, याचं उत्तर गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत आहे. लहान लीव्हर 'फोर लो'ला, म्हणजे चारही चाकं सावकाश पण जोरात फिरवणाऱ्या गिअरला, टाकला की गिअरबॉक्समधून येणारा टॉर्क आणखी साधारण अडीच पट होतो. पहिला गिअर, लो आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणारे गिअर) यांचा एकत्रित गुणाकार अशा गाड्यांत ४० च्या आसपास धरायला हरकत नाही. ३०० गुणिले ४० म्हणजे चाकांवर १२,००० न्यूटन-मीटर. थारच्या चाकाची त्रिज्या साधारण ०.३९ मीटर. भागाकार केला तर ढकलणारं बल ३०,००० न्यूटनच्या घरात जातं आणि गाडीचं सगळं वजन १७,५०० न्यूटनच्या आसपास असतं. एवढं बल जमिनीला देण्याआधीच टायर घसरतो. फक्त १३४ न्यूटन-मीटरच्या मारुतीच्या पेट्रोल जिम्नीसाठी हेच गणित केलं, तरीही बल गाडीच्या वजनापेक्षा जास्तच निघतं. चिखलात गाडी अडकते ती पकड संपल्यामुळे. तिथे टायर, त्यातली हवा आणि लॉक होणारं डिफरन्शियल कामाला येतं, इंजिनाचा प्रकार जवळजवळ येत नाही.

मग निवड कशावर करायची? माझं ठाम मत आहे की आजच्या डिझेल गाडीबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो तिच्या डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी गाळणाऱ्या डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे आणखी कडक नियम, लागू झाले. बीएस-४ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरला २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. शिवाय कणांच्या संख्येवरही मर्यादा आली. ती गाठायला धुराच्या वाटेत गाळणी बसवणं आलंच. २.५ लिटरच्या डिझेल इंजिनाची जुनी थार वर्षानुवर्षं वापरलेल्या माणसाचा अनुभव खरा असतो, पण त्याच्या गाडीत हा भागच नव्हता.

डीपीएफ म्हणजे सच्छिद्र सिरॅमिकचा एक ठोकळा. त्यात शेकडो बारीक चौकोनी बोगदे असतात. एक बोगदा पुढून बंद, त्याला लागून असलेला मागून बंद. धूर उघड्या तोंडाने आत शिरतो, पुढे भिंत लागते, म्हणून त्याला बाजूच्या भिंतीतून झिरपून शेजारच्या बोगद्यात जावं लागतं. इथवर सोपं आहे. आता खरी गंमत. भिंतीतली छिद्रं साधारण १० ते २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि काजळीचा कण असतो ०.१ मायक्रॉनच्या आसपास. छिद्र कणाच्या शंभर पटीहून मोठं! मग कण अडकतो कसा?

इतका लहान कण सरळ रेषेत जातच नाही. वायूचे रेणू त्याला चहूबाजूंनी अखंड टोले देत असतात आणि तो वेडावाकडा भरकटत राहतो. हीच ब्राउनियन गती. १९०५ मध्ये आइनस्टाइनने तिचं गणित मांडलं. कण जितका लहान तितका तो जास्त भरकटतो. छिद्राच्या नागमोडी वाटेतून जाताना असा कण कुठे ना कुठे भिंतीला टेकतो आणि टेकला की रेणूंमधल्या व्हॅन डर वाल्स आकर्षणाने तिथेच चिकटतो. मोठ्या कणांचं उलट आहे. ते जड असल्यामुळे वळणावर वायूबरोबर वळू शकत नाहीत आणि भिंतीवर आदळतात. या दोन्हींच्या मधल्या आकाराचे, म्हणजे ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या पट्ट्यातले कण अडवायला सगळ्यांत कठीण. भरकटायला ते जरा मोठे आणि आदळायला जरा लहान. कोऱ्या भिंतीतून निसटतात ते मुख्यतः हेच.

पण भिंत फार काळ कोरी राहत नाही. चिकटलेल्या काजळीवर आणखी काजळी बसते, तिचा थर तयार होतो आणि पुढची गाळणी तो थरच करतो. चहाच्या गाळणीत थोडा चोथा साठला की चहा आणखी नितळ उतरतो, तसंच. थोडी काजळी साठलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा चांगला गाळतो, ही मला या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. किंमत मोजावी लागते ती दाबाने. थर जाड होत गेला की धुराला वाट मिळेनाशी होते. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब एक सेन्सर सतत मोजतो आणि त्यावरून, शिवाय गाडी कशी चालली याच्या हिशेबावरून, इंजिनाचा संगणक आत किती काजळी असेल याचा अंदाज बांधतो.

ही काजळी जाळण्याचे मार्ग दोन. हायवेवर किंवा लांबच्या चढावर धूर पुरेसा गरम असतो. तेव्हा फिल्टरच्या अलीकडे असलेल्या प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकावर नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि तो २५०-३०० अंश सेल्सिअसच्या पुढे कार्बनला हळूहळू जाळत राहतो. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. धूर तेवढा तापलाच नाही, तर कार्बनला धुरात उरलेल्या साध्या ऑक्सिजनने जाळावं लागतं आणि त्याला साधारण ६०० अंश लागतात. त्यासाठी संगणक मुद्दाम उशिरा, पिस्टन खाली जात असताना, थोडं जास्तीचं डिझेल फवारतो. ते सिलिंडरमध्ये कामाला येत नाही, पुढे उत्प्रेरकावर जळतं आणि धूर तापवतं. याला रीजनरेशन म्हणतात. तेव्हा आयडलच्या, म्हणजे गाडी उभी असतानाच्या, इंजिनाच्या फेऱ्या किंचित चढतात, पंखा जोरात फिरतो, मायलेज पडतं, कधी जळका वास येतो. पंधरा-वीस मिनिटं गाडी सलग चालत राहिली तर काम होतं.

मधेच बंद केली तर? तापवण्यासाठी फवारलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीला लागून खाली ऑइलमध्ये उतरतो. पेट्रोल गरम ऑइलमधून लवकर उडून जातं, डिझेल जात नाही. पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनने ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वाढते. डिपस्टिकवर ऑइल कमी दिसलं की आपण घाबरतो. बीएस-६ डिझेलमध्ये ते वर चढलेलं दिसलं तरी तितकंच गांभीर्याने घ्यायला हवं. दुसरा धोका तापमानाचा. काजळी जळत असतानाच गाडी एकदम आयडलला आली, तर उष्णता वाहून नेणारा धुराचा झोत कमी होतो आणि त्यातला ऑक्सिजन मात्र वाढतो. साठा जास्त असेल तर आतलं तापमान हजार अंशांपलीकडे जाऊन सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. म्हणूनच साठा फार होऊ न देणं महत्त्वाचं.

काजळी जळते, पण राख जळत नाही. ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त, फॉस्फरसच्या संयुगांची राख फिल्टरमध्ये कायमची बसते. यासाठी कमी राखेचं ऑइल लागतं आणि कंपनीच्या पुस्तिकेत त्याचा दर्जा लिहिलेला असतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून 'डिझेलचं चांगलं' म्हणून आणलेलं ऑइल इथे चालत नाही.

आता या सगळ्याकडे थारच्या मालकाच्या नजरेने बघा. पुण्यात कोथरूडहून डेक्कनला रोज पाच-सहा किलोमीटर, सिग्नल, पुन्हा सिग्नल. धूर तापतच नाही. माझ्या ओळखीतल्या एका डॉक्टरांची डिझेल गाडी घर ते दवाखाना एवढीच धावते आणि तिचा डीपीएफचा दिवा वरचेवर लागतो. गाडीत दोष काही नाही. तीच गाडी नाशिकच्या एका द्राक्ष बागायतदाराकडे असती, रोज कसारा घाट उतरून मुंबईला जाऊन तो चढून परत येत असती, तर हा दिवा त्याला कधी दिसलाही नसता. आणि ज्या ऑफ-रोडसाठी डिझेल घेतलं, तिथे काय होतं? लोमध्ये तासन् तास रांगणं म्हणजे डीपीएफच्या दृष्टीने लक्ष्मी रोडवरची संध्याकाळच. ट्रेल, म्हणजे ऑफ-रोडची कच्ची वाट, संपल्यावर हायवेला अर्धा तास सलग गाडी पळवणं हा त्याचा इलाज. उन्हाळ्यात सह्याद्रीच्या पठारावर वाळकं गवत असतं. रीजनरेशन नुकतं झालेली गाडी त्या गवतावर उभी करू नका, खालचा पाइप वणवा पेटवण्याइतका तापलेला असू शकतो.

दिवा लागला की लोक भलतीकडेच वळतात. इंधनाच्या नळीला लावायचं 'मायलेज मॅग्नेट' आजही विकलं जातं. डिझेलच्या रेणूंवर त्या चुंबकाचा ज्वलन सुधारेल असा काही परिणाम होत नाही. कुणी डीपीएफ कापून पोकळ नळी बसवून देतो. ती काजळी मग मागून दुचाकीवर येणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जाते आणि असा बदल कायद्यालाही मान्य नाही. नवी गाडी घेतली की पहिल्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवलं जातं, बोनेटवर स्वस्तिक काढलं जातं. त्या दिवसातली दहा मिनिटं काढून पुस्तिकेतलं डीपीएफचं पान वाचलं, तर गाडीचं रक्षण खरोखर होतं.

पेट्रोललाही किंमत आहेच. पेट्रोल थारवाले शहरात एक आकडी मायलेज सांगतात. ५७ लिटरच्या टाकीवर ही गाडी डिझेलपेक्षा बरीच आधी पंप शोधायला लावते. इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे ई-२० ने, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, मायलेज आणखी थोडं उतरतं. ज्याचं बहुतेक चालवणं शहरात आणि अधूनमधून ट्रेलवर आहे, त्याने हा खर्च पत्करून पेट्रोल घ्यावं असं मला वाटतं. महिन्याला हजारो किलोमीटर हायवे असेल तर डिझेलच. थारच्याच पाच दारांच्या रॉक्सला मात्र २०२४ मध्ये बाजारात येताना फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, फक्त डिझेलबरोबर मिळालं. तिच्यात फोर बाय फोर हवं असणाऱ्याला तेव्हा निवड नव्हती, डीपीएफशी जुळवून घेणंच होतं.

एक समज अजून राहिला. "डिझेलला स्पार्क प्लग नसतो, म्हणून ते पाण्यात बंद पडत नाही." जुन्या पेट्रोल गाड्यांचा डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगांना वीज वाटणारा भाग, भिजून त्या बंद पडत, हे खरं. आता तो डिस्ट्रिब्यूटरच राहिलेला नाही. प्रत्येक प्लगवर झाकलेली कॉइल असते, आणि डिझेलसुद्धा सेन्सर आणि संगणकावर तितकंच अवलंबून असतं. खरा धोका हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरण्याचा. हवा दाबली जाते, पाणी जात नाही. २.२ लिटरचे चार भाग केले तर एका सिलिंडरला ५५० घन सेंटिमीटर येतात. डिझेलचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, १६ पट धरलं तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर जागा उरते ३७ घन सेंटिमीटर, म्हणजे अडीच मोठे चमचे. पेट्रोलच्या ५०० घन सेंटिमीटरच्या सिलिंडरला १० पट धरून ५५ च्या आसपास उरतात. एवढ्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. या हिशेबात डिझेलच जास्त नाजूक ठरतं. थारसाठी कंपनीने पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर दिली आहे. ती संथ पाण्यात, हळू चालवण्यासाठीची आहे. वेगाने घुसलं तर पुढे उठणारी लाट बोनेटवर चढते.

गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर पुन्हा मारू नका. ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघा. ओला असेल तर पेट्रोलचे स्पार्क प्लग किंवा डिझेलचे ग्लो प्लग काढून सिलिंडर मोकळे केल्याशिवाय मेकॅनिकलाही क्रँक फिरवू देऊ नका. आणि पावसाळ्याआधी विम्याचे कागद बघून ठेवा. साध्या पॉलिसीत पाण्याने झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा धरलेलं नसतं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.