सोव्हिएत युद्धवृत्तांतील स्त्री-सैनिक

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत लाल सेनेत सुमारे ८ लाख स्त्रिया होत्या. जखमींची शुश्रूषा आणि संदेशवहन यांबरोबरच त्यांनी विमाने चालवली, विमानवेधी तोफा डागल्या, स्नायपर म्हणून नेम धरले. त्यांच्याविषयी वार्तापत्रे, रोजनिशा, आठवणी आणि मुलाखती यांतून जे लेखन झाले, तेवढ्याचाच विचार येथे केला आहे, कथा-कादंबऱ्यांचा नाही.

या लेखनाला वळण लावले ते वर्तमानपत्रांनी. शत्रूच्या पिछाडीवर घातपात करणाऱ्या पथकातील झोया कॉस्मोदेमियान्स्काया या १८ वर्षांच्या मुलीला जर्मनांनी नोव्हेंबर १९४१ मध्ये पेत्रिश्चेवो गावात फाशी दिली. छळ होऊनही तिने खरे नाव सांगितले नाही, ‘तान्या’ एवढेच सांगितले. २७ जानेवारी १९४२ रोजी ‘प्राव्दा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्रात प्योत्र लिदोव यांचा ‘तान्या’ याच नावाचा लेख आला. सोबत गळ्यात दोर असलेल्या तिच्या मृतदेहाचे छायाचित्र होते. तेव्हापासून वीरांगनेचा साचा ठरून गेला: कोवळी, निष्कलंक, मरेपर्यंत ओठ मिटलेली. जिवंत वीरांगना मात्र या साच्यात नीट बसेनात. ३०९ शत्रुसैनिक टिपल्याची नोंद नावावर असलेली ल्युदमिला पावलिचेन्को १९४२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. मायदेशी तिच्या आकड्याचा गाजावाजा होत होता, तर अमेरिकी पत्रकार तिला सौंदर्यप्रसाधने आणि गणवेशाच्या स्कर्टची लांबी यांबद्दल विचारत होते.

रोजनिशांचा सूर अर्थातच वेगळा आहे. येवगेनिया रुद्नेवा ही मॉस्को विद्यापीठात खगोलशास्त्र शिकणारी मुलगी. नामवंत विमानवीर मारीना रास्कोवा यांनी उभारलेल्या तीन स्त्री-पलटणींपैकी रात्री बॉम्बफेक करणाऱ्या ५८८ व्या पलटणीत ती नॅव्हिगेटर, म्हणजे वैमानिकाला मार्ग दाखवणारी, झाली. लाकूड आणि कापडाच्या पीओ-२ विमानांतून येणाऱ्या या मुलींना जर्मन सैनिक ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणत. एप्रिल १९४४ मध्ये केर्चजवळ रुद्नेवा मारली गेली. तिची रोजनिशी व पत्रे युद्धानंतर छापली गेली. स्नायपर रोझा शानिनाची रोजनिशी आणखी मोकळी आहे. आघाडीवर पाठवा म्हणून वरिष्ठांशी घातलेला वाद आणि एकटेपण, प्रेमातली घालमेल हे सारे त्यात शेजारीशेजारी येते. जानेवारी १९४५ मध्ये ती पूर्व प्रशियात मरण पावली.

या परंपरेतला सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ बेलारूसच्या पत्रकार स्वेतलाना अलेक्सिएविच यांचा आहे. ‘युद्धाला बाईचा चेहरा नसतो’ असा त्याच्या नावाचा अर्थ. मुलाखतींतून ग्रंथ उभा करण्याची रीत त्यांनी बेलारूसी लेखक अलेस आदामोविच यांच्याकडून घेतली. आदामोविच व सहकाऱ्यांनी जळालेल्या बेलारूसी खेड्यांतून वाचलेल्यांच्या साक्षी आधीच गोळा केल्या होत्या. अलेक्सिएविच यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस शेकडो माजी सैनिक-स्त्रियांना गाठले. एका घरी नवरा स्वयंपाकघरात जाता जाता बायकोला बजावतो, शिकवल्याप्रमाणे सांग, रडारड आणि बायकी बारीकसारीक नको. आदल्या रात्रभर त्याने तिच्याकडून महायुद्धाच्या अधिकृत इतिहासाची उजळणी करून घेतलेली असते! ते ‘बारीकसारीक’च या ग्रंथाचा गाभा आहे: अंगावर पुरुषांची अंतर्वस्त्रे, पायात कितीतरी मोठे बूट, कापून टाकलेल्या वेण्या, पाळी आलेल्या मुलींच्या वाटचालीत वाळूवर उमटलेले लाल डाग. युद्ध संपल्यावरचा भाग तर अधिकच बोचतो. आघाडीवर गेलेली म्हणजे पुरुषांत राहिलेली, या संशयाला कंटाळून कित्येकींनी पदके लपवून ठेवली.

हस्तलिखित १९८३ मध्ये तयार झाले, पण प्रकाशनाला १९८५ उजाडले. वीरांगनेला असे दाखवल्यास पुढे कोण लढायला जाईल, हा सेन्सॉरचा आक्षेप होता. पुढील आवृत्त्यांत लेखिकेने आधी गाळलेले उतारे पुन्हा समाविष्ट केले आणि सेन्सॉरशी झालेले संभाषणही छापले. ग्रंथाच्या सुमारे २० लाख प्रती खपल्या. २०१५ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले.

हे साहित्य कागदपत्र म्हणून किती वापरावे, यावर मतभेद आहेत. अलेक्सिएविच आपल्या लेखनाला ‘आवाजांची कादंबरी’ म्हणतात, आणि एकाच साक्षीचा मजकूर आवृत्तीगणिक बदललेला अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. तारखा किंवा लढाईचा तपशील यासाठी या ग्रंथावर विसंबणे धोक्याचेच. साक्ष उद्धृत करायची तर आवृत्तीचे वर्ष द्यावे.